जर्मनीतील खाणलाभाचे रौप्य थालर

नाण्यांवरून राजांची वंशावळ व कालक्रम निश्चित करण्याची परिपाटी जुनी आहे. परंतु एखाद्या उद्योगाची अंतर्गत व्यवस्था नाण्यांवरून उलगडावी, असे प्रसंग विरळाच. जर्मनीतील ‘आउसबॉयटे-थालर’, म्हणजे खाणलाभाचे थालर, हा असाच एक प्रसंग होय.

तेथे खाणीची मालकी ‘कुक्स’ नामक हिश्श्यांत विभागलेली असे. सॅक्सनीत या हिश्श्यांची रूढ संख्या १२८ होती. खर्च वजा जाता उरलेली शिल्लक हिस्सेदारांत वाटली जाई, तीच ‘आउसबॉयटे’. उलटपक्षी तूट आल्यास हिस्सेदारांस पदरची भर घालावी लागे. तिला ‘त्सूबूसे’ अशी संज्ञा होती. लाभातील खाणीच्या चांदीतून तिच्या गौरवार्थ थालर पाडले जात.

हार्त्स पर्वतातील लाउटेन्टाल येथील ‘लाउटेन्टाल्स ग्ल्युक’ (लाउटेन्टालचे भाग्य) या खाणीचे थालर १६८५ पासून आढळतात. त्यांवर गोगलगाईच्या शंखावर उभी राहून ल्यूट हे तंतुवाद्य वाजविणारी स्त्री कोरलेली आहे. ‘लाउटे’ हा त्या वाद्याचाच वाचक शब्द असल्याने हे चित्र म्हणजे स्थलनामावरील श्लेष होय. अठराव्या शतकाच्या मध्यास ‘पांढरा हंस’ व ‘इंद्रधनुष्य’ या अर्थाची नावे असलेल्या खाणींचेही थालर निघाले. मान्सफेल्ड येथे चांदी ताम्रयुक्त पाषाणथरांतून मिळे. प्रशियाने १८२६ ते १८६२ या काळात तिचे जे थालर काढले, त्यांवरील लेखाचा आशय ‘मान्सफेल्डच्या खाणकामाचा कृपाप्रसाद’ असा आहे.

ईश्वरी कृपा व भाग्य यांचा हा उल्लेख अर्थपूर्ण असला, तरी संशोधकाने त्याने दिपून जाऊ नये. नाणे पाडले गेले ते लाभाच्या प्रसंगी. ‘त्सूबूसे’च्या स्मरणार्थ थालर पाडण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. अर्थात या मालिकेवरून खाणकामाच्या भरभराटीचे सरसकट अनुमान काढणे सदोष ठरेल. सतराव्या शतकातील ब्राउनश्वाइगच्या मोठ्या थालरांवर उधळलेल्या घोड्याखाली खाणीचा देखावा व त्यात राबणारी माणसे दिसतात. परंतु त्यांच्या मजुरीविषयी नाणे मौनच पाळते. तात्पर्य, हे थालर म्हणजे खाणीचा जमाखर्च नव्हे. त्यातील केवळ जमेची बाजू होय. खर्चाची बाजू खाणीच्या हिशेबवह्यांतच शोधावयास हवी.