ट्युनिसच्या चामडेवाल्यांची येणेबाकी

इ. स. १२०० च्या उन्हाळ्यात ट्युनिस बंदरात उभ्या असलेल्या तीन मुसलमान जहाजांवर पिसाच्या दोन जहाजांनी हल्ला केला. त्या प्रकरणाच्या कागदांत हल्लेखोर जहाजांची नावे येतात: ‘ऑर्गोल्योसा’ आणि ‘इंकोरोनाता’. या गडबडीत पिसाच्या व्यापाऱ्यांनी ट्युनिस सोडले. विकत घेतलेल्या मालाचे पैसे मात्र द्यायचे राहिले.

पुढे काय झाले, ते पिसात टिकून राहिलेल्या अरबी कागदांवरून जुळवता येते. पिसाचे दफ्तर पुढे फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. तिथले अरबी कागद मिकेले आमारी या अभ्यासकाने १८६३ मध्ये इटालियन भाषांतरासह छापले. त्यांत या प्रकरणाची दोन तऱ्हांची पत्रे आहेत आणि ती शेजारी ठेवून वाचायला हवीत.

पहिली तऱ्हा सरकारी. ट्युनिसवर तेव्हा मुवाहिद घराण्याचा अंमल होता. त्यांचा खलिफा याकूब अल-मन्सूर याने ११८६ मध्ये पिसाशी २५ वर्षांचा करार केला होता. त्यानुसार सेउटा, ओरान, बिजाया आणि ट्युनिस या चार बंदरांत पिसाच्या लोकांना १० टक्के जकात भरून व्यापार करता येई. अल्मेरियात मात्र फक्त शिधापाणी आणि जहाजदुरुस्तीची मुभा होती. मुसलमानांना लुटणाऱ्या आपल्या माणसांना पिसानेच शासन करायचे, असेही ठरले होते. साहजिकच ट्युनिसच्या अधिकाऱ्यांनी दाद मागितली ती पिसाच्या सत्ताधाऱ्यांकडे.

दुसरी तऱ्हा खासगी. ट्युनिसचे चामड्याचे व्यापारी कोर्सोचा मुलगा पाचे या पिसाच्या व्यापाऱ्याला लिहितात. हिलाल इब्न खलीफा हा त्यांपैकी एक. मायना आदराचा आणि स्नेहाचा; मजकूर रोकडा. अमक्याने माझ्याकडून कातडी घेतली, सौदा उस्मान इब्न अली या दुभाष्याच्या मध्यस्थीने झाला, पैसे यायचे आहेत. पाचेने आपल्या गाववाल्यांकडून ते मिळवून द्यावेत, हा पत्रांचा रोख. त्याबरोबर एक आश्वासनही: परत या, तुम्हाला इथे कोणी त्रास देणार नाही.

दुभाष्याचे नाव पत्रात उगाच आलेले नाही. तो जकातखान्याशी बांधलेला माणूस. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या ट्युनिसच्या करारांत अशा दुभाष्यांमार्फत झालेल्या विक्रीच्या पैशाची हमी जकातखाना घेतो. म्हणजे त्याचे नाव लिहिणे हे सौद्याचा पुरावा मांडणेच होते. पिसाचाही या नाक्यांवर कायमचा पाय होता. १२०२ मध्ये ‘लिबेर अबाची’ लिहून भारतीय अंकांची रीत मांडणारा पिसाचा लिओनार्दो सांगतो, की त्याचे वडील बिजायाच्या जकातखान्यात पिसाच्या व्यापाऱ्यांचे लेखनिक होते आणि ही अंकविद्या तो तिथेच शिकू लागला.

या पत्रांतल्या स्नेहाच्या शब्दांवरून धर्मापलीकडच्या मैत्रीचे चित्र रंगवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पैसे अडकलेला धनको गोडच बोलतो. पण ही पत्रे निव्वळ वसुलीची म्हणून बाजूला सारणेही चुकीचे. लुटारूंच्या गुन्ह्याचा डाग या व्यापाऱ्यांनी पाचेला लावला नाही. सरकार ‘पिसा’ या नगराशी बोलत होते. चामडेवाले नावानिशी ओळखीच्या माणसांशी. सौदा कोणी केला, कोणामार्फत केला, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून दोषी आणि ऋणको यांत त्यांना फरक करता आला. शिवाय आजचा ऋणको हाच पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईक. त्याला धाक घातला तर जुने येणेही बुडणार आणि नवा धंदाही.

पिसाचे लोक ट्युनिसला येत राहिले. मुवाहिदांनंतर तिथे हाफ्सी घराणे आले, तेव्हा १२३४ आणि १२६४ मध्ये पिसाने त्यांच्याशीही करार केले. करारांवर राज्यकर्त्यांची नावे आहेत. १२०० नंतरच्या वाईट दिवसांत मात्र संबंध तुटू नयेत म्हणून धडपडलेल्या माणसांची नावे चामड्याच्या उधारीच्या या पत्रांत सापडतात.