मागाहून भोगावयाचा आनंद

जबलपूरच्या गोहलपूर वस्तीत राहणाऱ्या माणसाला तलावांची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. जवळच आधारताल आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याने तो बांधविला, असे परंपरा सांगते. राणीताल राणीचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असेही लोक मानतात. अशा गावाहून मी पुण्यास गेलो असता, एका निवांत दिवशी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात जाण्याचा योग आला.

हे उद्यान सुमारे दहा एकरांचे असून ते जपानातील ओकायामा नगराच्या स्नेहाची खूण आहे. ओढा, तळे, छोटे पूल, हिरवळीचे उंचवटे आणि वळणे घेत जाणारी वाट, एवढाच त्याचा संसार. मात्र त्यात एक युक्ती आहे. संपूर्ण देखावा एकाच ठिकाणाहून कधी दिसत नाही. वाट वळते आणि मघाचे तळे झाडाआड जाते. पुन्हा वळते आणि तेच तळे नव्या रूपाने समोर येते. घाईने चालणाऱ्यास येथे काहीच लाभत नाही.

या उद्यानाचा आदर्श म्हणजे ओकायामाचे कोराकुएन. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून त्सुदा नागातादा याने 1687 मध्ये त्याचा आरंभ केला आणि 1700 मध्ये ते बव्हंशी पुरे झाले. आसाही नदीच्या पात्रातील सुमारे तेरा हेक्टर भूमीवर ते पसरले आहे. पलीकडच्या तीरावरील काळा किल्ला बागेत नसूनही बागेचाच भाग वाटतो. दूरचे दृश्य असे उसने घेणे ही जपानी उद्यानकलेची जुनी रीत होय. विशेष असे की, या सरदारी बागेत चहाचा मळा आणि भाताची खाचरेही राखलेली आहेत.

'कोराकुएन' हे नाव तिला 1871 मध्ये मिळाले. त्याचा अर्थ, मागाहून आनंद भोगण्याचे उपवन. अकराव्या शतकातील चिनी मंत्री फान चुंग-येन याच्या विचाराचा त्यास आधार आहे : राज्यकर्त्याने जगाची चिंता सर्वांआधी वाहावी आणि सुख मात्र सर्वांच्या मागून घ्यावे. नावाला साजेल असेच पुढे घडले. 1884 मध्ये बाग ओकायामा प्रांताच्या स्वाधीन झाली आणि सामान्य जनांस तिचे दार उघडले.

परंतु तिच्या नशिबी संकटेही होती. 1934 च्या महापुराने तिची हानी केली. 1945 च्या बाँबवर्षावात बागेतील इमारती जळाल्या आणि समोरचा किल्लाही भस्मसात झाला. तरी ओकायामाच्या लोकांनी जुन्या काळची चित्रे आणि नकाशे जपून ठेवले होते. त्यांवरून बाग पूर्ववत उभी राहिली. किल्ल्याचा मनोराही 1966 मध्ये पुन्हा बांधला गेला. बागेतील सारस युद्धानंतर उरले नव्हते. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी साहित्यिक क्वो मो-रो यांनी 1956 मध्ये सारसांची जोडी पाठवून ती उणीव भरून काढली.

पुण्याच्या तळ्याकाठी बसून हे आठवीत असता मन आपसूक जबलपुराकडे वळले. दुर्गावतीने 1564 मध्ये रणांगणावर देह ठेवला. पण तिच्या घराण्याने खोदविलेल्या जलाशयांनी या पाषाणमय प्रदेशास कित्येक पिढ्या पाणी पाजले. 1781 नंतर मराठ्यांचा अंमल आला, 1817 मध्ये इंग्रजांचा आला. तलाव सर्वांचेच होते. आज चेरीताल म्हणजे दाट वस्ती, आणि राणीतालच्या नावाने क्रीडांगण ओळखले जाते. पाणी गेले, नावे तेवढी राहिली.

जळालेली बाग कागदावरील चित्रावरून पुन्हा उभी राहू शकते. बुजविलेला तलाव मात्र केवळ नावावरून परत येत नाही. म्हणून जे तलाव अद्याप भरलेले आहेत, त्यांच्या काठी एखादा दिवस निवांत बसावे आणि मुलांना तो पाण्याचा आरसा दाखवावा. त्यांची चिंता आज आपण वाहिली, तर त्यांचा आनंद मागाहून येणाऱ्यांस लाभेल.