सांगोला स्टेशन आणि आपलं डाळिंब
सांगोल्याची रेल्वे 1927 ची. बार्शी लाईट रेल्वेनं पंढरपूर-मिरज लाईन टाकली, पण रूळ अडीच फुटी. लांबचा माल कुर्डुवाडीला नाहीतर मिरजेला उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा. नाजूक फळ असल्या चढउतारात टिकतंय होय?

2010 च्या सुमारास ब्रॉडगेज झालं. मग 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल इथनंच सुटली, थेट बंगालात शालिमारला. भाड्यात निम्मी सवलत होती. पण मला मोठी वाटली ती दुसरी गोष्ट, किमान वजनाची अट नव्हती. किसान रेलनं 3 किलो डाळिंबाचं पार्सलसुद्धा गेलंय. ट्रकवाला भरती मागतो, दहा क्रेटवाल्यानं जायचं कुठं?

पुढं सवलत थांबली. दहा क्रेटवाला परत ट्रकच्या मागं.