मुंबई ते जेद्दा: अंतर किती, वेळ किती?

मुंबई विमानतळापासून जेद्दाच्या किंग अब्दुल अझीझ विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात. येताना पश्चिमेचा वारा बहुधा पाठीशी असतो, म्हणून थोडा कमी वेळ लागतो.

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणजे रात्री ८ वाजता निघालात, तर उतरताना तिथे ११ वाजलेले असतील, आपल्याकडे मात्र दीड. इन्सुलिन घेणाऱ्या बुजुर्गांनी डोसची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी.

उमऱ्यासाठी थेट मक्केला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: मीकातची हद्द जेद्दाला उतरण्याआधी, हवेतच येते. त्यामुळे एहरामचे कपडे लगेजमध्ये टाकू नका. घरूनच बांधा, नाहीतर हातातल्या बॅगेत ठेवा.