सांधेवाल्याचा दांडा

निजामाच्या राज्यांतून येणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून मनमाडास जाऊन मिळाला. अशा मार्गांवर सांधेवाला रुळांशेजारचा वजनी दांडा ओढी. त्यासरशीं सांध्याच्या सरकत्या जिभा हलत, दांड्यावरची खूण फिरे आणि गाडीची वाट बदले. खूण एक वाट दाखवील आणि जीभ दुसरीकडे राहील, तर अनेकांच्या जिवावर बेतावयाचें!

विसाव्या शतकाच्या अखेरीस जालन्याचे ते रूळ गेले. त्यांच्या जागीं रुंद मार्ग आला. आगगाडीच्या लहान प्रतिकृतींत, १:८७ या प्रमाणानें, मीटरभर उंचीचा दांडा साडेअकरा मिलिमीटरांचा होतो. म्हणून तो पुष्कळदा शोभेपुरताच उभा करतात. परंतु जो दांडा जिभेबरोबर फिरत नाहीं, त्यांत रूप उतरतें. सांधेवाल्याची जबाबदारी उतरत नाहीं.