तात्यापाऱ्यातील राजबंदी आणि दप्तरातील नोंद

तुरुंगात गेलेल्या माणसाची स्मृती घरात एका रीतीने जपली जाते आणि सरकारी दप्तरात दुसऱ्या रीतीने. घरातील स्मृतीला तारखा नसतात, परंतु माणूस असतो. दप्तरात तारखा, कलमे, वजन आणि उंची असते, परंतु माणूस शोधावा लागतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी मंडळींच्या संदर्भात हा शोध कसा घ्यावा लागतो, आणि तो घेताना दप्तराच्या साक्षीवर किती विसंबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. निमित्त आहे माधवराव सप्रे यांच्या १९०८ मधील कारावासाचे.

‘पारा’ हा छत्तीसगडी शब्द आपल्या ‘आळी’ला किंवा ‘वाड्या’ला जवळचा. रायपुरात ब्राह्मणपारा आहे, बूढापारा आहे, तसाच तात्यापारा. छत्तीसगडात मराठी भाषा आली ती नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर; बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले तो काळ १७५८ ते १७८७ चा. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले तरी कारकून, वकील, शिक्षक, पुजारी आणि मालगुजार अशी मराठी कुटुंबे तेथेच राहिली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि छापखान्यात हिंदी, असा त्यांचा त्रिभाषिक संसार. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेले आणि बिलासपूर-रायपुरास शिकलेले सप्रे या संसाराचे सर्वोत्तम उदाहरण होत. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, पत्र मात्र हिंदी. हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना याचे जेवढे अप्रूप वाटते तेवढे मराठी वाङ्मयेतिहासकारांना वाटलेले दिसत नाही, ही आपली उणीवच म्हटली पाहिजे.

एप्रिल १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हे त्याचे उघड प्रयोजन होते. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच धामधुमीत, ऑगस्ट महिन्यात, सप्र्यांना भारतीय दंडविधानाच्या कलम १२४-अ खाली, म्हणजे राजद्रोहाच्या आरोपावरून, अटक झाली. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही तेव्हाच पकडले गेले. कोल्हटकरांनी शिक्षा भोगली; पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘संदेश’ काढला हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. सप्रे मात्र नोव्हेंबर १९०८ मध्ये सरकारची माफी मागून सुटले. वडीलबंधूंनी घातलेली गळ आणि प्राणत्यागाची धमकी यांपुढे ते वाकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाला या अडीच महिन्यांच्या कैदेचा मूळ पुरावा हवा आहे. प्रथम तो रायपूरच्या मध्यवर्ती तुरुंगाकडे वळेल, कारण माणूस रायपूरचा. ही वाट चुकीची. कैदी कोठला रहिवासी हे तुरुंगाच्या दृष्टीने गौण असते; गुन्हा कोठे घडला, अटक कोणत्या जिल्ह्यात झाली आणि खटला कोणत्या न्यायालयात उभा राहिला, यावर कागद कोठे जमतो हे ठरते. पत्र नागपूरचे, म्हणून जिल्हाही नागपूरचा. रायपूरच्या दप्तरात या प्रकरणाचा ठसा उमटला तरी तो गुप्त पोलिसांच्या टेहळणीपुरता उमटावा.

तुरुंगाचे कागद १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने आखून दिलेले आहेत. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अधीक्षकाने दाखल कैद्यांची नोंदवही, प्रत्येक कैद्याच्या सुटकेचा दिवस दाखविणारी वही, तुरुंगातील शिक्षांची वही, भेट देणाऱ्या पाहुण्यांचे शेरे असलेली वही आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवावयाची असते. याखेरीज प्रत्येक कैद्याचे ‘हिस्ट्री तिकीट’ असते. पहिल्या दोन वह्या सर्वज्ञात. परंतु अनुभवी अभ्यासक पाचव्या नोंदीला अधिक मान देतात. अंगावरील चष्मा, जानवे, पोथी, चार आण्यांची मोड यांतून जो माणूस दिसतो तो कलमांच्या रकान्यात दिसत नाही.

मात्र येथे एक मेख आहे. शिक्षा झालेला कैदी आणि न्यायचौकशीतील कैदी यांची खाती वेगळी. जिल्ह्याच्या अभिलेखकक्षांत कोणते कागद कायमचे ठेवावयाचे आणि कोणते मुदतीनंतर नष्ट करावयाचे याची वर्गवारी असते; १९१७ च्या अभिलेख-नाश अधिनियमाने या नाशाला रीतसर अधिकार दिला. फाशीचा आणि जन्मठेपेचा कागद टिकतो. चौकशी पुरी होण्याआधी सुटलेल्या माणसाचा कागद सर्वांत आधी रद्दीत जातो. सप्रे शिक्षा झालेले कैदी नव्हतेच. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले नाही, निर्दोषही ठरविले नाही. माफीपत्राने खटल्याचीच वाट बंद झाली. म्हणून त्यांचा शोध तुरुंगाच्या वहीत न घेता प्रांतिक सरकार आणि हिंदुस्थान सरकारचे गृहखाते यांच्यातील राजकीय पत्रव्यवहारात घ्यावा लागतो. राजद्रोहाचा खटला भरावयास सरकारची मंजुरी लागे. मंजुरीसाठी लेखांची इंग्रजी भाषांतरे तयार होत. दर आठवड्यास देशी वृत्तपत्रांतील उताऱ्यांचा गोषवारा छापला जाई. जिल्ह्याच्या दप्तराला ज्याचे विस्मरण होते त्याचा कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गृहखात्याच्या राजकीय शाखेत, सापडण्याचा संभव असतो. आणि आता त्यांतील पुष्कळ धारिका ‘अभिलेख पटल’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

प्रांताचे दप्तर कोठे गेले, हा यापुढचा प्रश्न, आणि रायपूरच्या बाबतीत तो विशेष गुंतागुंतीचा आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपूर. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. सचिवालयाच्या दप्तराची त्या वेळी वाटणी झाली, काही नागपुरास राहिले, काही भोपाळास गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. न्यायालयांचे तसेच. रायपूरच्या सत्र न्यायालयावरील अपील आधी नागपूरच्या न्यायिक आयुक्तांकडे, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाकडे, १९५६ नंतर जबलपुरास आणि २००० नंतर बिलासपुरास. तात्यापाऱ्यातील एकाच घरातील आजोबा, मुलगा आणि नातू यांचे कागद अशा रीतीने तीन राज्यांत विखुरलेले असू शकतात. त्या घराचा उंबरठा मात्र जागचा हललेला नसतो.

नावाचाही विचार केला पाहिजे. इंग्रजी लिपीत नोंद करणारा कारकून कधी हिंदी भाषक, कधी मराठी, कधी बंगाली. माधवरावांचे ‘माधोराव’ होते, वामनरावांचे ‘बामनराव’. आडनाव हा रकाना पुष्कळ वह्यांत नसेच. नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव आणि कलम एवढेच असे. मराठी माणसाचा बाप मधल्या नावात लपलेला असतो, हे न कळल्याने ‘बळीराम’ हे नाव स्वतःचे की बापाचे हा घोळ होतो. म्हणून आडनावावरून शोधण्यापेक्षा बापाचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख या जोडीवरून शोधणे श्रेयस्कर. कलमावरून शोधणे तर सर्वांत धोक्याचे. १९३० च्या जंगल सत्याग्रहात मध्य प्रांत-वऱ्हाडात शेकडो लोकांनी सरकारी रानातले गवत कापले. बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे त्याचा आरंभ केला. असे सत्याग्रही चोरीच्या किंवा जंगल कायद्याच्या कलमाखाली पकडले जात. वही वाचणाऱ्याला ‘राजबंदी’ दिसत नाही, गवतचोर दिसतो.

पुष्कळदा कैदी एका ठिकाणी पकडला जाऊन दुसऱ्याच ठिकाणी नेला जाई. माखनलाल चतुर्वेदी १९२१ मध्ये जबलपुरास पकडले गेले आणि त्यांची कैद गेली बिलासपूरच्या तुरुंगात. सप्र्यांच्या प्रेरणेने निघालेल्या ‘कर्मवीर’चे ते संपादक. विनोबा १९४२ नंतर वेल्लोर आणि सिवनी येथे होते. अशा वेळी पहिल्या तुरुंगाच्या वहीत ‘बदली’ एवढाच शेरा मिळतो आणि शोधकाने पुढचे स्टेशन गाठावयाचे असते. तुरुंगाच्या आतूनही क्वचित कागद निर्माण होई. पंडित सुंदरलाल शर्मा यांनी रायपूरच्या तुरुंगात हस्तलिखित पत्र चालविले आणि त्याला श्रीकृष्ण-जन्मस्थानाचे नाव दिले. कोणत्याही अधीक्षकाच्या वहीपेक्षा हे पत्र त्या कैद्यांविषयी अधिक सांगते.

सरकारी कागद सर्वज्ञ नाही, तशी लोकस्मृतीही निर्दोष नाही. सोनाखानचे नारायणसिंह १८५७ च्या ऑगस्टमध्ये रायपूरच्या तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना मृत्युदंड दिला गेला. तत्कालीन सरकारी पत्रव्यवहार फाशी म्हणतो. १९८७ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावर ते तोफेपुढे दाखविले आहेत. दोन्हींवर सरकारचाच शिक्का. मला येथे समकालीन पत्र अधिक विश्वसनीय वाटते, कारण ते लिहिणाऱ्याला आपल्या वरिष्ठाला हिशेब द्यावयाचा होता.

वामनराव लाखे यांची गोष्ट सप्र्यांच्या उलट. सरकारने १९१६ मध्ये त्यांना ‘रायसाहेब’ केले, १९२० मध्ये त्यांनी ती पदवी परत केली, आणि १९३० च्या आंदोलनात रायपूरच्या ज्या पाच पुढाऱ्यांना लोक ‘पांडव’ म्हणू लागले त्यांतले युधिष्ठिर ते झाले. त्यांना तुरुंगवास झाला. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा झाला. येथे शिक्षा आहे, कलम आहे, मुदत आहे. दप्तराला हवा असतो तसा हा कैदी आहे.

या फरकाला पुढे व्यावहारिक अर्थ आला. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले आणि १९८० मध्ये त्या योजनेला ‘सन्मान’ हे नाव मिळाले. पात्रतेसाठी किमान सहा महिन्यांचा कारावास लागे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना तीन महिने. पुरावा म्हणून तुरुंगाचा किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा दाखला. अभिलेख उपलब्ध नसल्यास सहबंद्यांचे प्रमाणपत्र. गावोगावचे वृद्ध सत्याग्रही तेव्हा प्रथमच आपली नोंद पाहावयास तुरुंगाच्या दारी गेले आणि ‘अभिलेख नष्ट’ असा शेरा घेऊन परतले. अर्जाला उशीर झाला एवढ्यावरून हक्क डावलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात सांगितले. २००१ मध्ये गुरदियालसिंह यांच्या प्रकरणात त्याने असेही म्हटले की, अशा अर्जाला फौजदारी खटल्याच्या काटेकोर पुराव्याची कसोटी लावू नये. न्यायचौकशीतील दिवस मोजले जात ते पुढे शिक्षा झाली तरच. हा गज सप्र्यांना लावून पाहावा. १९२६ मध्ये निवर्तलेल्या माणसाला निवृत्तिवेतनाचा प्रश्न नव्हता. पण ‘हिंदी केसरी’च्या संपादकाचा कारावास या हिशेबात शून्य दिवसांचा भरतो.

माफीपत्राचे काय, हा अवघड प्रश्न उरतो. कैद्याचा शोध घेणाऱ्याला ते मिळाल्यास पुष्कळांना ती धारिका मिटून ठेवण्याचा मोह होतो, आणि काहींना तीच तेवढी उघडून दाखविण्याचा. दोन्ही अन्याय्य. सुटकेनंतर सप्र्यांनी स्वतःला जी शिक्षा केली ती कोणत्याही वहीत नाही. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर समर्थभक्त श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले, मधुकरी मागून जेवले, आणि रायपुरास परतल्यावर सार्वजनिक सभास्थानापासून दूर राहून लिहीत राहिले. ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर या काळातले, ‘गीतारहस्या’चेही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी जो ग्रंथ लिहिला तो हिंदी वाचकाला त्याच लेखांपायी पकडल्या गेलेल्या आणि माफी मागून सुटलेल्या माणसाने दिला. या अनुवादाची साक्ष माफीपत्राइतकीच दप्तराची मानावी, असे माझे मत आहे.

इतर देशांतही कैद्याचा माग जिल्हा आणि राज्य या दोन पायऱ्यांवरून काढावा लागतो. इंग्लंडमध्ये परगण्यांच्या न्यायसभांचे कागद स्थानिक अभिलेखागारांत, तर गृहखात्याच्या गुन्हेगार-नोंदवह्या (१७९१ ते १८९२) लंडनच्या राष्ट्रीय संग्रहात. अमेरिकेत अल्प मुदतीचा व खटला चालू असलेला कैदी परगण्याच्या कोठडीत आणि दीर्घ मुदतीचा राज्याच्या तुरुंगात. म्हणून शिक्षा झाली की नाही हे आधी कळल्याशिवाय दार कोणते ठोठावावे हे कळत नाही. आपल्याकडील नियमही फार निराळा नाही.

जिवंत कैद्याच्या बाबतीत मात्र आपल्या कायद्याने अलीकडे बरेच अंतर कापले आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातलगांना कळविणे आणि नियंत्रण कक्षात नोंद लावणे बंधनकारक केले. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नेही प्रत्येक जिल्ह्यात आणि राज्य पातळीवर असा कक्ष ठेवण्यास सांगितले आहे. मृत कैद्याच्या कागदासाठी २००५ चा माहिती अधिकार उपयोगी पडतो. त्याच्या आठव्या कलमाचे तिसरे पोटकलम वीस वर्षांपूर्वीच्या घटनांवरील गोपनीयतेचे पुष्कळसे अपवाद दूर करते. अर्ज करताना नुसते ‘अमुक व्यक्तीचे अभिलेख’ असे न लिहिता वर्ष, कलम, बापाचे नाव, अटकेचा जिल्हा आणि नोंदवहीचा प्रकार लिहावा, आणि वही नष्ट झाली असल्यास ती नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागावी. तो आदेशही अभिलेखच असतो, आणि पुष्कळदा नष्ट झालेल्या वह्यांची यादी त्यालाच जोडलेली असते.