इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) : हैदराबाद आणि शिक्षणधोरण
भारतीय अभियंत्यांची व्यावसायिक संस्था. स्थापना १९२०, मुख्यालय कोलकाता; १९३५ मध्ये ब्रिटिश राजसनद मिळाली. तेलंगणचे राज्यकेंद्र हैदराबादच्या खैरताबाद भागातील विश्वेश्वरय्या भवनात आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर या शहराच्या पूरनियंत्रणाची योजना अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखली, त्यामुळे हे नाव उचितच.

शिक्षणधोरणावर संस्थेचा सर्वांत खोल ठसा परीक्षेतून उमटला. नोकरी सांभाळून संस्थेच्या एएमआयई (सहसदस्यत्व) परीक्षेचे ‘अ’ व ‘ब’ विभाग उत्तीर्ण होणाऱ्यास केंद्र सरकार नोकरीसाठी पदवीधर अभियंत्याच्या बरोबरीचे मानत असे. महाविद्यालयाची पायरी चढता न आलेल्या असंख्य पदविकाधारकांना त्यामुळे बढतीची वाट खुली झाली. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना मात्र ही मान्यता उरली नाही. धोरण घडवणाऱ्या संस्थेचे बळही शासनमान्यतेवरच उभे असते, हे यातून दिसले.

संस्थेने १९८१ मध्ये हैदराबादेत इंजिनिअरिंग स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया स्थापन केले. गचीबावली येथील हे महाविद्यालय सेवेतील अभियंत्यांना प्रशिक्षण देते. पदवीनंतरचे शिक्षण हीही व्यवसायाची जबाबदारी मानणारे हे काम संस्थेच्या कार्यातील सर्वांत मोलाचे होय.